'सी' भाषेतील लेखनशैली व वाचनीयता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'सी' ही संगणकभाषा घडविली. या भाषेत मोकळी जागा आणि ओळींची मांडणी यांना कंपायलरच्या लेखी जवळजवळ अर्थ नसतो. साहजिकच मांडणी हा लिहिणाऱ्याच्या रुचीचा विषय ठरला. ब्रायन केर्निघन व रिची यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात महिरपी कंसाची जागा गौण मानली. कोणतीही एक शैली स्वीकारून ती सातत्याने पाळावी, एवढेच त्यांचे सांगणे होते.

मात्र रुची किती दूर जाऊ शकते, हे स्टीव्हन बोर्न यांच्या 'शेल' या आज्ञावलीत दिसते. ती १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत प्रसृत झाली. बोर्न यांनी पूर्वी केंब्रिज येथे 'अल्गोल ६८' या भाषेच्या कंपायलरवर काम केले होते. त्या भाषेच्या ओढीने त्यांनी मॅक्रोंच्या साहाय्याने 'सी'मध्ये 'इफ', 'देन', 'फाय' असे अल्गोलचे शब्द आणले. कंपायलरची त्यास हरकत नव्हती. अडचण झाली ती 'सी' जाणणाऱ्या वाचकाची. दुर्बोध 'सी' लेखनाची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली, तिच्या प्रेरणांपैकी एक हीच आज्ञावली होय. थट्टेतून का होईना, वाचनीयतेचा प्रश्न अशा रीतीने ऐरणीवर आला.

तो केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये उघड झाले. ॲपल कंपनीच्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दोन्ही ओळी समासापासून सारख्याच आत सरकवलेल्या असल्याने त्या एकाच अटीखालील भासत. कंस नसल्यामुळे अट लागू होती ती पहिलीलाच. दुसरी बिनशर्त चाले आणि स्वाक्षरीची अंतिम पडताळणी वगळली जाई. परिणामी तोतया संगणकालाही खरा म्हणून स्वीकारले जाण्याची वाट मोकळी झाली. कंस असते तर हे टळलेच असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. दुसरी ओळ कंसाबाहेरही पडू शकली असती. परंतु मग ती डोळ्यांना खुपली असती, हे नि:संशय.

पुढे २०१६ मध्ये 'जीसीसी' या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीविषयी इशारा देण्याची सोय आली. जी मोकळी जागा कंपायलर आजवर दुर्लक्षित असे, ती आता तोही वाचू लागला.