कमी पैशांत दीर्घ परदेश प्रवास: चंद्रपूर-गडचिरोलीतून नियोजन कसे करावे?

पाठीवर एक सॅक, मुक्काम डॉर्मिटरीत, प्रवास बस-रेल्वेने आणि जेवण स्थानिक खानावळीत, अशा पद्धतीने दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ परदेशात फिरण्याला बॅकपॅकिंग म्हणतात. मुंबईच्या प्रवाशाला विमानतळ शहरातच मिळतो. भामरागड, सिरोंचा किंवा राजुऱ्याच्या प्रवाशाचा खर्च मात्र विमानतळ गाठण्यापूर्वीच सुरू होतो. त्यामुळे स्वस्त विमान तिकिटाची जाहिरात पाहून बेत ठरवणे महागात पडू शकते. आधी कागदपत्रे, मग दिवसांचा हिशेब, मग मार्ग आणि सर्वांत शेवटी तिकीट, हा क्रम पाळल्यास कमी पैशांतही बेत तडीस जातो.

खर्च कसा मोजावा?

दीर्घ प्रवासाचा खर्च देशांच्या संख्येवर कमी आणि दिवसांवर व मुक्काम बदलण्यावर जास्त अवलंबून असतो. उदाहरणार्थ, मुक्काम, जेवण आणि स्थानिक प्रवास मिळून दिवसाला २,००० रुपये धरले, तर ९० दिवसांचे १,८०,००० रुपये होतात. यात विमान तिकीट, व्हिसा, विमा आणि घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च वेगळा जोडावा लागतो.

दर दोन दिवसांनी गाव बदलल्यास प्रत्येक वेळी भाडे, रिक्षा आणि नव्या मुक्कामाचा खर्च येतो. एका ठिकाणी आठ-दहा दिवस थांबल्यास आठवड्याचा सवलतीचा दर मिळू शकतो आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या हॉस्टेलमध्ये जेवणाचा खर्चही घटतो. म्हणून ९० दिवसांत नऊ देशांऐवजी तीन देश पाहणे स्वस्त पडते. एकूण अंदाजाच्या निदान १५ टक्के रक्कम आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत.

पासपोर्ट कधी काढावा?

सहा महिने आधी अर्ज करणे उत्तम. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करून भेटीची वेळ घ्यावी लागते. विदर्भातील अर्ज नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे सर्वसाधारण शुल्क १,५०० रुपये आणि ६० पानीचे २,००० रुपये आहे. तत्काळसाठी २,००० रुपये जास्त लागतात, म्हणजे वेळेत केलेला अर्ज ही पहिली बचत ठरते.

आधार, दहावीची सनद आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत नावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल, तर ती आधी दुरुस्त करावी. शिक्षणासाठी नागपूर-पुण्यात राहणाऱ्यांनी अर्जात कोणता पत्ता द्यायचा हे विचारपूर्वक ठरवावे, कारण पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' वर्गात येतो. मलेशिया, थायलंड आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तींना सरकारी परवानगी लागते. पर्यटनासाठी ती लागत नाही. मात्र परतीचे तिकीट आणि मुक्कामाचे आरक्षण जवळ ठेवावे.

व्हिसाचा खर्च दिवसांत कसा पाहावा?

व्हिसा शुल्काला मिळणाऱ्या दिवसांनी भागले की खरा फरक दिसतो.

- नेपाळ: भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. प्रौढांनी केवळ आधार कार्डावर विसंबू नये.
- भूतान: व्हिसा नाही, पण परवाना लागतो आणि भारतीय प्रौढांकडून प्रति रात्र १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतले जाते. ३० रात्रींचे ३६,००० रुपये होतात. दीर्घ मुक्कामासाठी हा देश स्वस्त नाही.
- व्हिएतनाम: ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळू लागला. एकाच प्रवेशासाठी शुल्क २५ डॉलर.
- मलेशिया आणि थायलंड: मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवस केली.
- युरोपातील शेंगेन देश: कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.

सवलती ठरावीक मुदतीच्या असतात आणि नियम अचानक बदलतात. त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा खात्री करावी.

कोणत्या मार्गाने निघावे?

नागपूरहून थेट परदेशी उड्डाणे मोजकीच आहेत. आग्नेय आशियासाठी हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाता ही सोयीची शहरे आहेत. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरील मोठे जंक्शन असल्याने चंद्रपूरकरांना चेन्नईची थेट गाडी मिळते. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील प्रवाशांना देसाईगंजचे वडसा स्थानक जवळचे आहे. सिरोंचाहून गोदावरीवरील पुलाने कालेश्वरममार्गे वरंगल आणि पुढे हैदराबाद गाठणे चंद्रपूरला उलटे जाण्यापेक्षा सोयीचे पडते.

पहिल्या प्रवासासाठी नेपाळचा रस्ता सर्वांत कमी खर्चाचा आहे. बल्लारशाहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. तिथून बसने सोनौली सीमा आणि पुढे लुंबिनी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या परंपरेतील कुटुंबांना कुशीनगर-लुंबिनीचा हा मार्ग परिचित आहे. लुंबिनीतील काही विहारांत साधा मुक्काम अल्प खर्चात होतो.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे अनेकदा घडले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांनी निदान दोन दिवस आधी तालुका सोडावा. रेल्वे उशिरा आली म्हणून चुकलेल्या विमानाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

पैसे कसे दाखवावे आणि कसे न्यावे?

व्हिसासाठी अनेक देश तीन ते सहा महिन्यांचे बँक विवरण मागतात. तेंदूपत्ता, मोहफूल किंवा धानाचे उत्पन्न हंगामी आणि बऱ्याचदा रोखीचे असते. ते हाती येईल तसे बँकेत भरत राहावे. अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरली तर शंका घेतली जाते.

परदेशात एकाच कार्डावर अवलंबून राहू नये. दोन कार्डे वेगवेगळ्या जागी आणि थोडी रोकड सोबत असावी. कार्डावर परकीय चलनाचे किती टक्के शुल्क लागते हे बँकेत आधी विचारावे.

आरोग्याची कोणती काळजी घ्यावी?

या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. तपासणी झालेली नसेल तर निघण्यापूर्वी शासकीय रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णांना उंचावरील कमी प्राणवायू, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. ४,१३० मीटरवरील अन्नपूर्णा बेस कॅम्पसारखे ट्रेक त्यांनी टाळावेत. फक्त वाहक असलेल्यांनीही उंचावर जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विमा काढताना हा आजार लपवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

गडचिरोली हा मलेरियाप्रवण जिल्हा आहे. परदेशात ताप आल्यास आपण अशा भागातून आलो आहोत हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

'फिरता फिरता काम' करता येते का?

पर्यटक व्हिसावर काम करणे बहुतेक देशांत बेकायदा आहे. मुक्कामाच्या बदल्यात हॉस्टेलमध्ये केलेली मदतही काही ठिकाणी कामच मानली जाते. दंड, हकालपट्टी आणि पुन्हा प्रवेशबंदी यांत सगळी बचत जाऊ शकते.

त्याहून मोठा धोका फसव्या नोकऱ्यांचा आहे. थायलंडमध्ये संगणकावरील चांगल्या पगाराचे काम सांगून भारतीय तरुणांना म्यानमारमधील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचे प्रकार उघड झाले. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबाबत वारंवार इशारे दिले आहेत. तिकीट आम्ही काढू, व्हिसा पर्यटकाचा घ्या, असे कोणी म्हणाल्यास तिथेच थांबावे. परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

निघण्यापूर्वीची शेवटची तयारी

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती घरी, ई-मेलमध्ये आणि सॅकमध्ये अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात. पासपोर्ट हरवल्यास स्थानिक पोलिसांत तक्रार देऊन भारतीय दूतावास गाठावा. तिथे परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. भेट म्हणून मोरपिसे किंवा वन्यप्राण्यांचे कोणतेही अवशेष नेऊ नयेत, कारण ते देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. घरच्यांकडे मुक्कामांची यादी द्यावी आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी फोन करावा. फोन आला नाही तर कोणत्या दूतावासाशी संपर्क साधायचा, तो क्रमांकही त्याच यादीत लिहून ठेवावा.