खवल्यांचं वेटोळं

आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. कुमक आली नाही. सुरुंगाने बुरूज उडाला आणि कोट पडला.

खवले मांजराचीही हीच कथा. संकट दिसलं की ते अंगाचं घट्ट वेटोळं करतं. बिबट्याचे दात तिथे सहसा चालत नाहीत. माणूस मात्र ते वेटोळं उचलून पोत्यात घालतो.

हा लोभ जुना आहे. 1820 च्या सुमारास खवल्यांचं चिलखत हिंदुस्थानातून इंग्लंडच्या राजाला नजर झालं. पुढे चीन-व्हिएतनामात औषध म्हणून मागणी वाढली आणि कोकणातल्या रानांपर्यंत तस्कर पोचले. वास्तविक खवले म्हणजे आपल्या नखांतलंच द्रव्य!

1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. 2017 पासून आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. 2020 मध्ये चीनने अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले. तस्करी तरीही चालूच आहे, आणि मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था कोकणातल्या गावांना सोबत घेऊन या प्राण्याच्या रक्षणाचं काम करते. मित्रहो, चाकणला न मिळालेली कुमक ती हीच.