ऐकलेले सिनेमे

आमच्या पार्सेत भगवतीच्या देवळात दशावतार असला की नाटक सुरू होण्याआधीचे दोन तास म्हणजे वादावादीचा हक्काचा वेळ. पात्रं आत रंग लावत असतात, बाहेर चणे-खाज्याची दुकानं मांडलेली असतात आणि सभामंडपात जाणती मंडळी कुठला ना कुठला विषय घेऊन बसलेली असतात. वीसेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्रीची ही गोष्ट. कुठल्याशा वर्तमानपत्रात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटांची यादी आली होती. आमच्या मास्तरांनी तो कागद घडी करून खिशातून आणला होता. त्यातल्या १९५० ते १९६० या काळातल्या सिनेमांवर घोडं अडलं.

मास्तर निवृत्त शाळामास्तर. त्यांचं मत ठरलेलं होतं, 'श्यामची आई'. दुसरे आमचे गिरणीवाले काका. त्यांची सगळी उमर लालबाग-परळमध्ये गेलेली. ते म्हणाले, "मास्तर, तुमची आई देव्हाऱ्यात ठेवा. सिनेमा एकच, 'सांगत्ये ऐका'." मी तेव्हा चार पुस्तकं वाचून शहाणा झालेला. मी मध्येच 'महात्मा फुले'चं नाव घातलं. आणि जुंपली!

आधी मास्तरांची बाजू सांगतो, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. भारत सरकारने चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात केली १९५४ साली, आणि पहिलंच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'ही होता. त्याला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्रक मिळालं, सुवर्णपदक नाही. आईच्या भूमिकेत वनमाला, छोट्या श्यामच्या भूमिकेत माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. मास्तरांचं म्हणणं, साऱ्या देशाने एकमताने जे मान्य केलं त्यावर पार्सेच्या मंडपात बसून आपण काय वाद घालणार?

पण पदकाच्या मोजपट्टीत एक खोट आहे, आणि ती मला तेव्हाही जाणवली होती. पुरस्कारच १९५३ च्या चित्रपटांपासून सुरू झाले, तर त्याआधीच्यांनी काय करायचं? व्ही. शांतारामांचा 'अमर भूपाळी' १९५१ चा. होनाजी बाळा या शाहिरावरचा हा सिनेमा १९५२ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. राजा परांजप्यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन्ही १९५२ चे. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी'ही त्याच सालचा. यांच्यापैकी कुणालाही राष्ट्रपतींचं पदक मिळणं शक्यच नव्हतं, कारण पदकच नव्हतं! माझ्या 'महात्मा फुले'ला मात्र १९५४ च्या चित्रपटांतलं मराठीसाठीचं रौप्यपदक मिळालेलं. ज्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि ज्यात बाबूराव पेंढारकरांनी जोतिबा उभा केला, त्या सिनेमाबद्दल मी तावातावाने बोललो. पण खरं सांगायचं तर मी तो तोपर्यंत पाहिलेला नव्हता. फक्त वाचलेला होता. हे मंडपात कबूल केलं नाही, आज करतो.

काकांची मोजपट्टी वेगळी, आठवड्यांची. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. कथेला पटकथेचं रूप दिलं व्यंकटेश माडगूळकरांनी, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. या एका यशाने मराठी सिनेमाची वाटच वळवली. पुढची कित्येक वर्षं फड, ढोलकी आणि पाटील हेच मराठी सिनेमाचं चित्र झालं. काका अभिमानाने सांगत होते की जयश्री आपल्याच बाजूची, कारवारकडची. ते खरंच आहे, सदाशिवगडाजवळचा तिचा जन्म.

मग गाडी भलतीकडेच गेली. दशक कुठून धरायचं? १९५० धरलं तर म्हापशाच्या एल कापितान थिएटरात २४ एप्रिल १९५० रोजी लागलेला 'मोगाचो आंवडो' यादीत येतो. तो आल जेरी ब्रागांझांचा, पहिला कोंकणी बोलपट. मास्तर म्हणाले, भाषा वेगळी, यादी मराठीची. काका म्हणाले, पार्सेहून पुणं जवळ की म्हापसा? १९५१ पासून धरलं तर तो जातो, पण शेवटाला १९६० चा 'जगाच्या पाठीवर' आत येतो. तो राजा परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके या त्रयीचा, अंध मुलीच्या भूमिकेत सीमा. कसंही कापा, एक चांगला सिनेमा हातचा जातो. हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण मला वाटतं यादी करणाऱ्यांना ती दरवेळी छळत असणार.

इतका वेळ आमची शेजारची आत्ये खांबाला टेकून ऐकत होती. साऱ्या वाड्याची ती आत्येच. ती म्हणाली, "तुमी जे सिनेमे घेवन झगडतात, ते आमी पळयलेच ना रे. आमी ते आयकले."

सगळे गप्प झाले. मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

तिचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. दरवर्षी चतुर्थीला यायचा. वेंगुर्ल्यापर्यंत बोट, तिथून आरोंदा, आणि तेरेखोल नदी उतरून पेडण्यात. येताना तो गुळाच्या ढेपेबरोबर वर्षभरात पाहिलेले सिनेमे आणायचा. रात्री जेवणं झाली की सोप्यावर कंदील ठेवून तो सिनेमा सांगायला बसायचा आणि अर्धा वाडा अंगणात जमायचा. एक सिनेमा दोन-तीन रात्री चालायचा. 'लाखाची गोष्ट' सांगताना, महिन्याभरात एक लाख रुपये उडवायची अट ऐकून बायका स्वतः हिशेब करू लागायच्या, लाख रुपयांत भात किती खंडी येईल म्हणून. 'श्यामची आई' सांगताना तो आईचं बोलणं आपल्या आईच्या आवाजात बोलायचा. त्यांची आई तोवर वारली होती. अंगणात कुणी हुंदका दिला की तो थांबायचा, चहा प्यायचा आणि पुढे सांगायचा.

मग १९५५ उजाडलं. आदल्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. आगगाडी बंद, नाकेबंदी कडक, जाण्यायेण्याला परवाने. आमच्या पेडण्याला हा फटका जास्त, कारण आमचे सोयरे, बाजार, चाकरी सगळं सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचं. आत्येच्या भावाला परवाना मिळाला नाही. एक चतुर्थी गेली, दुसरी गेली, अशा सहा गेल्या. गाणी मात्र हद्द जुमानत नव्हती. आकाशवाणीने १९५२ पासून सिनेमाची गाणी जवळपास बंद केली होती, पण रेडिओ सिलोन होता, आणि इथे पणजीचं एमिसोरा द गोवा होतं. गावातल्या एका भाटकाराकडे रेडिओ होता, त्याच्या पडवीखाली उभं राहून ती गाणी ऐकायची. गाणं ऐकू यायचं, पण ते कोण कुणासाठी गातंय हे सांगणारा माणूस नदीच्या पलीकडे!

'सांगत्ये ऐका' पुण्यात अडीच वर्षं चालला, त्यातला बहुतेक काळ आमचा गाव सालाझारच्या राज्यात होता. ते १३१ आठवडे मोजणाऱ्यांनी आम्हाला मोजलेलं नाही. आम्ही तिकीट काढायला पोचूच शकत नव्हतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या चतुर्थीला भाऊ आला. केस पांढरे झालेले. आत्ये म्हणाली, पहिल्या रात्री कुणालाच काही बोलवेना. दुसऱ्या रात्री त्याने कंदील मागितला आणि सहा वर्षांचे सिनेमे सांगायला सुरुवात केली. चतुर्थी सरली, गणपती पोचवले, तरी तो सांगतच होता. 'सांगत्ये ऐका'शी मात्र तो अडला. गोष्ट सांगून झाली, पण हंसाबाई उभी राहते तेव्हा काय होतं, जयश्री नाचते तेव्हा काय होतं, हे त्याला सांगता येईना. त्याने उठून नाचून दाखवायचा प्रयत्न केला. सगळं अंगण पोट धरून हसलं, तोही हसला आणि म्हणाला, "हें सांगपाचें न्हय. हें पळोवपाक जाय."

पुढे तीन-चार वर्षांनी आत्येने म्हापशाला 'श्यामची आई' पाहिला. रडू आलं नाही म्हणाली. वनमालाबाईंनी काम चांगलं केलं होतं, पण ती दुसऱ्या कुणाची तरी आई वाटली.

त्या रात्री नाटक सुरू झालं आणि वाद तिथेच राहिला. पण मी नंतर पुष्कळ वेळा त्यावर विचार केला आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली प्रकरणं 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत, कारण श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची आठवण सांगतो. म्हणजे आत्येच्या भावाने सिनेमातून ती गोष्ट काढून पुन्हा होती तिथे, रात्रीच्या अंगणात, नेऊन ठेवली होती. ती तिथे इतकी चपखल बसली की पडदा फिका पडला. यात अत्र्यांचा कमीपणा नाही. पण ही गोष्ट पडद्याशिवायही जगते.

म्हणून आज कुणी मला त्या दशकातला सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा विचारला, तर मी मास्तरांची आणि माझी स्वतःची बाजू सोडून काकांकडे जातो. आठवड्यांसाठी नव्हे, तर सोप्यावर बसलेला इतका पट्टीचा सांगणारा जिथे हरला, तिथे सिनेमाचं स्वतःचं काही तरी होतं म्हणून. त्याखालोखाल मी 'अमर भूपाळी' ठेवतो, तोही सांगता येत नाही, कानांनीच घ्यावा लागतो. त्याचे संगीतकार वसंत देसाई कुडाळजवळच्या सोनवड्याचे, आमच्यासारख्याच दशावताराच्या मुलखातले, आणि 'श्यामची आई'चं संगीतही त्यांचंच, हे विसरून चालणार नाही. तिसरा 'जगाच्या पाठीवर', चौथा 'महात्मा फुले'. हा मी नंतर पाहिला, आणि मंडपात जे बोललो त्यातलं निम्मं मागे घ्यावं लागलं तरी उरलेलं निम्मं पुरेसं आहे. पाचवा 'श्यामची आई'. मास्तर असते तर पाचवा नंबर ऐकून रागावले असते. 'मोगाचो आंवडो' मी या यादीत बसवत नाही, पण गोमंतकीयाने त्या दशकाचा इतिहास लिहिताना पहिली ओळ त्याचीच असली पाहिजे असं माझं मत आहे.

'श्यामची आई' २०२३ साली नव्याने आला आणि त्यालाही मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्ये आता नाही. पार्सेहून म्हापसा आता अर्ध्या तासाची गोष्ट, आणि सिनेमा तर खिशातल्या फोनवर आहे. अजून मी चतुर्थीला घरी गेलो की जेवणानंतर कुणी तरी विचारतं, अलीकडे काय पाहिलंस? मी नाव सांगतो, समोरचा ते लगेच फोनमध्ये शोधून काढतो, आणि बोलणं तिथेच संपतं. यंदा ठरवलं आहे, नाव सांगायचं नाही. गोष्ट सांगायला घ्यायची, आणि कुठे अडतो ते बघायचं.