घुमटावरची बाई, फाटकावरचा वाघ

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला होता. आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मला एका इमारतीबद्दल लिहायचं आहे. आपल्या बॅचमधले निम्मे लोक कॉलेज आणि नोकरीच्या निमित्ताने वर्षानुवर्षं तिच्या कुशीतून लोकल पकडत आले, पण मान वर करून तिच्याकडे पाहायला सवड कोणाला होती? ८.१२ चुकली तर ८.२१ मिळणार की नाही, एवढीच विवंचना.

इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला एक ओळ होती: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली रेल्वे. ती ओळ या इमारतीची नव्हेच. पहिली गाडी सुटली तेव्हा बोरीबंदरला साधंसं स्थानक होतं. आज जिला आपण सीएसएमटी म्हणतो (आणि आपले आईवडील अजून व्हीटी म्हणतात) ती इमारत पंचवीस वर्षांनंतर, १८७८ मध्ये बांधायला घेतली गेली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ मध्ये, तिला राणीचं नाव मिळालं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. खर्च सुमारे १६ लाख रुपये.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण ज्याचे फोटो काढतो, ते घुमट, मनोरे, कमानी, हे स्टेशन नाही. ते ऑफिस आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीचं मुख्यालय. त्या घुमटाखालचा भव्य जिना कंपनीच्या साहेबांसाठी होता, तिसऱ्या वर्गाच्या उतारूसाठी नव्हे. उतारूच्या वाट्याला आलेली देखणी जागा म्हणजे तिकीटघर, स्टार चेंबर. तिथलं निळ्या छतावरचं सोनेरी चांदण्यांचं काम रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही दिसायचं. त्यामुळे या इमारतीवरची शिल्पं वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न असतो: हे कोण, कोणाला सांगतंय?

सगळ्यात वर, घुमटाच्या टोकाला एक बाई उभी आहे. पुष्कळांना ती राणी व्हिक्टोरिया वाटते. ती राणी नाही. तिचं नाव ‘प्रगती’. उजव्या हातात वर उचललेली मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. शिल्पकार टॉमस अर्प. खालच्या त्रिकोणी शिखरांवर शेती, व्यापार, अभियांत्रिकी, विज्ञान यांच्या मूर्ती आहेत. म्हणजे वाक्य सरळ आहे: शेती आणि व्यापार अभियांत्रिकीच्या जोरावर वाढतील आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर प्रगती उभी राहील.

मी इंजिनिअर आहे, मला हे वाक्य आवडायला हवं. पण त्याची तळटीप वाचल्याशिवाय ते पुरं होत नाही. या कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून भरून निघायचा. जोखीम रयतेची, लाभांश लंडनच्या भागधारकांचा. आमच्या धंद्यात असं कंत्राट मिळालं तर कोणीही मशाल घेऊन घुमटावर चढेल! आणि पायाभरणीच्या आधीची दोन वर्षं आठवा. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. त्यानंतर लगेच, त्याच इलाख्याच्या राजधानीत, शेतीची मूर्ती शिखरावर बसवायला घेतली गेली. मूर्ती सुंदर आहे, यात वाद नाही.

प्रगतीचा खरा हिशेब बोरघाटात आहे. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याचा घाट फोडताना पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी हजारो मजूर गेले. त्या डोंगरात पंचवीस बोगदे आहेत आणि आपण त्यात आनंदाने ओरडत सहलीला गेलो आहोत. बोरीबंदरच्या भिंतीवर कंपनीच्या अध्यक्षांचे, संचालकांचे चेहरे गोल चौकटीत कोरले आहेत. इथले म्हणून जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांचे चेहरे आहेत, आणि ते असायलाच हवेत, कारण मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेटांनी जीव तोडून खटपट केली होती. देशातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे, पगड्याफेट्यांसकट सोळा चेहरेही आहेत. मात्र ते ‘नमुने’ आहेत, माणसं नाहीत. साहेबाला नाव असतं, आपल्याला पागोटं.

आता फाटकाकडे या. दोन खांबांवर दोन जनावरं बसली आहेत, एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटन, वाघ हिंदुस्थान. मार्गदर्शक मंडळी हे ‘मैत्रीचं प्रतीक’ म्हणून सांगतात आणि पुढे सरकतात. मला हे शिल्प सगळ्या इमारतीत सर्वांत बोलकं वाटतं. कारण ही जोडी इथे पहिल्यांदा भेटत नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला आणि त्या विजयाचं जे पदक कंपनी सरकारने पाडलं त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबून त्याच्यावर चढलेला दाखवला आहे. वाघ हे टिपूचं चिन्ह होतं. पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत तोच वाघ उठून फाटकावर सिंहाच्या बरोबरीने बसला. दोघांची उंची सारखी, ऐट सारखी. हा बदल दयाळूपणातून आला, असं मला वाटत नाही. हरलेल्याला बरोबरीचा दाखवणं जिंकणाऱ्याला तेव्हाच परवडतं, जेव्हा पुन्हा लढाई होणार नाही याची त्याला खात्री असते. १८८७ मध्ये त्याला ती होती. पण दोनच वर्षं आधी, १८८५ मध्ये, याच मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरून गेलं होतं, ही गंमत त्या सिंहाला ठाऊक नसावी.

हे सगळं असूनही ही इमारत मला मनापासून आवडते आणि त्याचं कारण मूर्ती नाहीत. कारण आहे बांधकाम. वरचा अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट सेंटरिंग न लावता चढवलेला आहे. खालून लाकडी आधाराचा सांगाडा नाही. प्रत्येक थर स्वतःला आणि पुढच्या थराला तोलत वर गेला. हे ज्याने कधी साधी भिंत बांधताना पाहिली आहे त्याला विचारा, घाम फुटेल. नकाशा स्टीव्हन्सचा होता. पण थरावर थर चढवले ते इथल्या गवंड्यांनी. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव यांच्यासारखे भारतीय अभियंते होते. आणि खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं, माकडं, मोर, पन्हाळींची भेसूर तोंडं, जाळीकाम हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. (हे काम लॉकवुड किपलिंगने करवून घेतलं असं सर्रास सांगतात. तो १८७५ मध्येच लाहोरला गेला होता. विद्यार्थ्यांकडून काम करवून घेणारे होते जॉन ग्रिफिथ्स.) वरच्या मूर्ती दूर देशातल्या माणसाने ठरवलेला अर्थ घेऊन उभ्या आहेत. खालचं माकड मात्र कोणा पोराने आदल्या दिवशी झाडावर पाहिलेलं असावं इतकं जिवंत आहे.

रस्ता ओलांडला की समोर महापालिका. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. दोन रस्त्यांच्या बेचक्यात बसवलेली, मनोरा सुमारे २५५ फूट, म्हणजे स्टेशनाच्या घुमटावरून मान काढणारा. दर्शनी शिखरावर पंख असलेली एक मूर्ती आहे आणि तिचा अर्थ लॅटिनमध्ये: ‘हिंदुस्थानातलं पहिलं शहर’. खर्च मंजूर रकमेच्या किंचित आतच भागला, ही बातमी आजच्या कंत्राटदारांच्या कानावर घालावीशी वाटते. कंपनीच्या मुख्यालयासमोर त्याहून उंच उभं राहिलेलं हे घर करदात्यांच्या प्रतिनिधींचं होतं. मतदार मूठभर होते, पण होते. दारात राणीचा नव्हे, फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा आहे. या दोघींत मला महापालिकाच जास्त जवळची वाटते. अर्थात पंखवाल्या बाईची बढाई फार टिकली नाही. तीनच वर्षांत, १८९६ मध्ये, मांडवीत प्लेगचे रोगी सापडले आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या शहरातले लोक समोरच्याच स्टेशनातून मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले.

गेटवे ऑफ इंडियाबद्दल थोडक्यात. जॉर्ज विटेटची रचना, १९२४ मध्ये उद्घाटन. १९११ मध्ये पंचम जॉर्ज उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याची कमान होती, दगडाची मागाहून झाली. गुजराती धाटणीची जाळी, पिवळसर बेसॉल्ट, सगळं नेटकं. पण कमानीकडे सरळ नेणारा रस्ता पैसे संपल्यामुळे झालाच नाही, म्हणून ती आजही रस्त्याला तिरकी उभी आहे. राजासाठी बांधलेल्या दरवाजातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण बाहेर पडली. त्या वास्तूला अर्थ आला तो तिथे. विटेटने तो दिला नव्हता.

पुन्हा स्टेशनाकडे येते, कारण तिथला एक प्रश्न अजून चालू आहे. घड्याळाखाली एक कोनाडा आहे. तिथे राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला गेला. १९९६ मध्ये स्टेशनाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. मला ते योग्य वाटतं. परक्या राणीच्या नावाखाली रोज लाखो लोकांनी उतरावं याला काही कारण नव्हतं. २००४ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि आता स्थानकाच्या पुनर्विकासाचं मोठं काम निघालं आहे. अशा वेळी कोणाला तरी हमखास त्या रिकाम्या कोनाड्याची आठवण होते आणि तिथे कोणाला बसवायचं याची चर्चा सुरू होते.

माझं मत विचाराल तर तिथे कोणालाच बसवू नये. महाराजांना तर मुळीच नाही. सह्याद्रीत स्वतःचे गड बांधणाऱ्या माणसाला गॉथिक कोनाड्यात, राणीच्या मापाच्या जागेत उभं करणं हा त्यांचा मान नव्हे. रिकामा कोनाडा पाहून एखादं पोर विचारतं, इथे काय होतं? मग दहा मिनिटं इतिहास सांगता येतो. भरलेला कोनाडा पाहून कोणी काही विचारत नाही.

आणि पुनर्विकासात पैसे उरले (गेटवेसारखे संपले नाहीत) तर एक पाटी लावावी. कोनाड्यात नको, खाली, उपनगरी गाड्यांच्या फलाटाकडे जाताना डोळ्यांच्या उंचीवर. तिच्यावर सीताराम खंडेराव यांचं नाव असावं, घुमट चढवणाऱ्या गवंड्यांचा आणि बोरघाटातल्या मजुरांचा उल्लेख असावा. मराठीत. रेल्वेला तसं पत्र लिहायचं मनात आहे. मसुदा मी केला आहे, स्नेहसंमेलनाला घेऊन येते. ज्यांना पटेल त्यांनी सही करा. शुद्धलेखन तपासायला आपले मराठीचे सर आहेतच.