स्वप्नाची साक्ष

‘द प्रिझनर’ ही ब्रिटिश मालिका १९६७ मध्ये आली. एकूण सतरा भाग. एक गुप्तहेर अचानक राजीनामा देतो, त्याला बेशुद्ध करून एका विचित्र गावात आणून ठेवतात. तिथे कुणालाच नाव नाही, फक्त आकडे आहेत. हा सहा नंबर. गावाचा कारभारी दोन नंबर. कारभाऱ्याला एकच गोष्ट हवी असते : तू राजीनामा का दिलास?

गेल्या पावसाळ्यात घरून काम करायची मुभा होती म्हणून कन्हानला आलो होतो. रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉपवर ही मालिका बघायचो. त्यातला ‘ए, बी अँड सी’ नावाचा भाग बघितला आणि त्या रात्री झोप लागली नाही. भीतिदायक काही नव्हतं. आमच्या घरातली एक जुनी गोष्ट आठवली, म्हणून.

भागाची कथा अशी. जागेपणी सहा नंबर काही सांगत नाही, तेव्हा दोन नंबर त्याच्या झोपेत शिरायचं ठरवतो. एक डॉक्टर बाई नवं औषध टोचते, डोक्याला तारा जोडते आणि त्याचं स्वप्न समोरच्या पडद्यावर दिसू लागतं. औषध घातक आहे, तीनदाच देता येतं. दोन नंबरचा संशय आधीच पक्का आहे : हा माणूस देशाची गुपितं विकणार होता, आणि गिऱ्हाईक तीन संशयितांपैकी एक असणार. म्हणून पॅरिसमधल्या एका मेजवानीचं स्वप्न रचून त्यात रोज एक संशयित सोडायचा. दोन रात्री काही निघत नाही. मधल्या वेळात सहा नंबर प्रयोगशाळा शोधून काढतो आणि तिसऱ्या डोसमधलं बरंचसं औषध ओतून त्यात पाणी भरतो. तिसऱ्या रात्री स्वप्न त्याच्या ताब्यात असतं. मेजवानी गरगर फिरते, खोली कलते, तो भिंतीवरचा आरसा सरळ करतो आणि सगळं जागेवर येतं. शेवटी तो एका मुखवटा घातलेल्या माणसाला गुपितांचा लिफाफा द्यायला निघतो. मुखवटा काढल्यावर आत चेहरा असतो खुद्द दोन नंबरचा! लिफाफ्यात सहलीची माहितीपत्रकं.

हे सगळं विक्षिप्त वाटतं. पण मला यातली एक गोष्ट अगदी रोखठोक वाटली. दुसऱ्याच्या स्वप्नातून सत्य काढायला निघालेल्या माणसाला शेवटी स्वतःचाच संशय परत मिळाला. आणि हे स्वप्न फक्त पडद्यावर घडलेलं नाही. त्याचा आपल्याकडे इतिहास आहे, त्यातला एक तुकडा तर नागपूरचाच आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये झाली. रॉबर्ट हाउस हा बाळंतपणं करणारा डॉक्टर. त्या काळी प्रसूतीच्या कळा जाणवू नयेत म्हणून स्कोपोलामाइन देऊन बाईला गुंगीत ठेवत. १९१६ मध्ये एका घरी बाळ जन्मलं आणि ते तोलायला त्याने काटा मागितला. नवऱ्याला काही सापडेना. गुंगीतल्या बाळंतिणीनेच सांगितलं, स्वयंपाकघरात तसबिरीमागच्या खिळ्याला आहे. काटा तिथेच निघाला. हाउसला वाटलं, या औषधाखाली माणूस खोटं बोलूच शकत नाही. १९२२ मध्ये त्याने डॅलसच्या तुरुंगातल्या दोन कैद्यांवर प्रयोग केला. दोघांनीही गुंगीत आपल्यावरचे आरोप नाकारले. गंमत म्हणजे हाउसचा हेतू चांगला होता. पोलिसांची मारहाण थांबावी, निरपराध माणूस सुटावा, एवढंच त्याला हवं होतं. पण काट्याची जागा सांगणं वेगळं आणि गुन्हा कबूल करणं वेगळं, हा फरक त्या उत्साहात राहून गेला.

पुढे हे हेरांच्या हाती गेलं. १९५३ मध्ये सीआयएने ‘एमके-अल्ट्रा’ हा गुप्त कार्यक्रम सुरू केला आणि न सांगता-विचारता माणसांना एलएसडीसारखी द्रव्यं दिली. १९७३ मध्ये त्याची बरीच कागदपत्रं नष्ट करण्यात आली, तरी १९७५ पासून ते उघड होत गेलं. म्हणजे ‘द प्रिझनर’ प्रसारित होत होती तेव्हा हे खरोखर चालू होतं आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. दरम्यान १९६३ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा औषधाखालचा कबुलीजबाब पुरावा म्हणून नाकारला होता.

आपल्याकडे मात्र एकविसावं शतक उजाडल्यावर याची लाट आली. अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. त्याच्या मुद्रांक घोटाळ्याने महाराष्ट्र हादरला होता. बंगळूरमध्ये त्याची नार्को चाचणी झाली. शिरेतून हळूहळू सोडियम पेंटोथॉल, जवळ भूलतज्ज्ञ, प्रश्न विचारणारा तज्ज्ञ आणि समोर कॅमेरा. याच घोटाळ्यातल्या आरोपींनी अशा चाचण्यांना हरकत घेतली, तेव्हा २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. चाचणीतून काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून चाचणीलाच विरोध करता येणार नाही, असा युक्तिवादाचा सूर होता. पुढे तेलगीच्या चाचणीचं चित्रीकरण वृत्तवाहिन्यांवर झळकलं. अर्धवट गुंगीतला माणूस अडखळत नावं घेतोय आणि घरोघरी लोक जेवता जेवता ते बघताहेत. दोन नंबरचा पडदा आता प्रत्येकाच्या बैठकीत आला होता.

मग नागपूर. मे २००७ मध्ये अरुण फरेरा यांना नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून नागपुरात अटक झाली. त्यांचीही नार्को चाचणी झाली. गुंगीत त्यांनी नक्षलवाद्यांना पैसा पुरवणारे म्हणून नावं घेतली ती नक्षलवादाच्या कट्टर विरोधकांची, असं बातम्यांत आलं. आता पंचाईत! औषध खरं बोलायला लावतं म्हणावं, तर त्या विरोधकांना पकडावं लागेल. नाही म्हणावं, तर चाचणी कशाला केली? ज्या यंत्रणेने झोपेतला शब्द प्रमाण मानला, तिलाच तो नकोसा झाला. फरेरा जानेवारी २०१२ मध्ये नागपूरच्या तुरुंगातून सुटले आणि त्या खटल्यांतून निर्दोष ठरले. (२०१८ मध्ये त्यांना वेगळ्या प्रकरणात अटक झाली, तो विषय निराळा.)

पुण्यात २००८ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली गेली. एका विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपी तरुणीला डोक्याला इलेक्ट्रोड लावून बसवलं आणि गुन्ह्याची वर्णनं ऐकवली. ती गप्प होती. यंत्राने मात्र ठरवलं, की हे तिच्या अनुभवातलं आहे. तिला जन्मठेप झाली आणि निकालात या चाचणीचाही आधार घेतला गेला. नंतर उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. मी रोज लॉग वाचून चुका शोधतो. यंत्राने लिहिलेली नोंद खरी, ही माझ्या धंद्यातली सवय. पण त्या नोंदीलाही अर्थ असतो तो कुणीतरी आधी ठरवल्यामुळे. कुठल्या लहरीला ‘अनुभव’ म्हणायचं हे माणसानेच ठरवलेलं असतं.

अखेर ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २० (३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, आणि गुंगीतल्या माणसाला बोलायचं की गप्प राहायचं हे ठरवताच येत नाही. अशा अवस्थेत माणूस प्रश्नकर्त्याच्या सूचनांना बळी पडतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. तरी आजही मोठा गुन्हा झाला की ‘नार्को करा’ ही मागणी येतेच.

आता घरची गोष्ट. माझे बाबा इथल्या कोळसा खाणीत होते. मी लहान असताना खाणीच्या क्वार्टरमध्ये भिशी चालायची. एकदा भिशीचे पैसे गायब झाले. आळ बाबांच्या एका मित्रावर आला. तो बायकोमुलांना घेऊन कन्हान सोडून गेला. काही वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल उतरताना ते स्पष्ट म्हणाले, “भिशीचे पैसे माह्याजवळच हायेत.” खाटेशेजारी मी आणि आई. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पुढे दोन-तीन महिने आई बाबांशी कामापुरतं बोलत होती. मी पुण्याला परत गेलो, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की तेच वाक्य आठवायचं. माझं मन कधीच निकाल देऊन मोकळं झालं होतं.

‘ए, बी अँड सी’ बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी विचारलं. आई ओट्यापाशी होती, तिचा हात थांबला. बाबा आधी हसले.

“असं बोललो मी? झोपीत माणूस काहीबी बोलते रे.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पैसे नव्हते माह्याजवळ. पण तो गाव सोडून गेला ना, तवापासून मले वाटे, का ते माह्याच पेटीत निघाले असते तं बरं झालं असतं. कुठं ठेवून भुललो असतो, अन् सापडले असते. तो तं गेला नसता.”

हे खरं कशावरून, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पुरावा नाही. पण हे ते जागेपणी बोलले, आमच्याकडे बघून. हवं असतं तर गप्पही बसू शकले असते.

आईने चहा गाळला. पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या मित्राचा आता कुठे पत्ता लागेल का, असं विचारलं.