दंडावरचा वण आणि आईबापांचा हिशेब

माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. पुढच्या पिढीच्या दंडावर तो नाही, कारण देवीचा रोगच उरला नाही. या विजयाचा इतिहास आपण डॉक्टर आणि सरकार यांच्या बाजूने वाचतो. लस नाकारणारे आईबाप त्यात ‘अडाणी’ एवढ्याच नावाने येतात. जुने तपशील पाहताना मला हे नाव अपुरे वाटू लागले.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवी टोचण्यात आल्या. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचले गेले. पुढच्या साऱ्या कुरबुरीचे मूळ या पद्धतीतच होते. लस कुपीतून नव्हे, एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जाई. आठवडाभराने फोड भरला की मूल पुन्हा हजर करायचे आणि आतला द्रव काढू द्यायचा.

आईबापांपुढे मग दोन प्रश्न उभे राहत. आपल्या लेकरात कोणाचे काय शिरते? आणि त्याच्यातून काय काढून नेतात? पहिल्या प्रश्नात जातीचा विटाळ होता हे खरेच. पण उपदंशासारखा रोग या वाटेने पसरू शकतो, हे युरोपातल्या डॉक्टरांनीही पुढे मान्य केले. दुसऱ्या प्रश्नात तर निव्वळ माया होती. तापलेल्या पोराचा दुखरा हात पुन्हा कोण उघडू देईल?

१८७७च्या कायद्याने मुंबई शहरात लस सक्तीची झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे तेव्हा साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात होती. शहराचा तो कायदा त्यांना लागू नव्हता. पुढे वासरावर तयार केलेली लस रुळली आणि दंडातून दंडात टोचणे थांबले. पोराचा फोड उघडण्याचे दुखणे मिटले ते सक्तीने नव्हे, पद्धत बदलल्याने.

हे आठवले ते २०२२ साली. उपनगर जिल्ह्यातल्या गोवंडीत गोवराने बालके दगावली. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते. गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. रोजंदारीवरच्या घराला त्यासाठी कामाचा दिवस मोडावा लागतो. सुई टोचल्यावर ताप आला तर दुसरा दिवसही जातो. भाड्याची खोली बदलली, गावी जाणे झाले, की लशीचे कार्ड कुठल्या तरी पिशवीत राहते. अशा घराला अफवा ऐकायला वेळ लागत नाही. तिची शहानिशा करायला मात्र सवड नसते. साथीत पालिकेने घरोघरी पाहणी केली, जादा मात्रा दिल्या, धर्मगुरूंचीही मदत घेतली.

लस न देण्याची किंमत मूल भोगते, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच आईबापांचा हिशेब समजून घ्यायला हवा. १८०२ पासून प्रश्न तोच आहे : सुई कोणाच्या हातात आहे, आणि रात्री पोर तापले तर तो हात दारात येईल का?