खालिद जमील : कुवेत ते कूपरेज

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. गोव्याच्या सावियो मदेइरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर पहिल्यांदाच या जागेवर भारतीय माणूस आला. सगळ्या बातम्यांत एक ओळ होती : जन्म कुवेत, १९७७. लोकांनी ती वाचली आणि पुढे गेले. मी तिथेच अडकलो. कारण १९७७ चं कुवेत फुटबॉलच्या इतिहासात साधंसुधं गाव नाही.

मी राहात्याचा. आमच्याकडे पेरू, ऊस आणि शिर्डीची गर्दी. इथे बसून अरबांच्या फुटबॉलवर कसलं लिहितोस, असं मित्र म्हणतातच. पण या माणसाची गोष्ट महाराष्ट्राची आहे आणि त्यात आपल्याबद्दल एक अवघड प्रश्न लपलेला आहे. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

१९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि आखातात पैसा आला. शाळा, दवाखाने, रस्ते झाले, तशी स्टेडियमंही झाली. मग खेळ शिकवायला माणसं हवीत म्हणून जगातले नावाजलेले माजी खेळाडू बोलावले गेले. ब्राझीलचा मारियो झागालो १९७६ मध्ये कुवेतला आला. खेळाडू म्हणून १९५८ आणि १९६२ चा विश्वचषक जिंकलेला, प्रशिक्षक म्हणून १९७० चा. आजच्या भाषेत सांगायचं तर जगातला सगळ्यात मोठा माणूस कुवेतमध्ये येऊन पोरांना पळवत होता. त्याच वर्षी कुवेत आशिया कपच्या अंतिम सामन्यात पोचलं. त्याचा सहकारी कार्लोस अल्बेर्तो पररेरा पुढे मुख्य प्रशिक्षक झाला (तो स्वतः कधी मोठा खेळाडू नव्हता, हेही लक्षात ठेवा). त्याच्या हाताखाली कुवेतने १९८० चा आशिया कप जिंकला आणि १९८२ मध्ये थेट स्पेनचा विश्वचषक गाठला.

तिथला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रान्सविरुद्ध सामना चालू. प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुवेतचे खेळाडू पंचांची समजून थांबले आणि फ्रान्सने गोल मारला. खेळाडू खेळायला तयार होईनात. तेवढ्यात कुवेत फुटबॉलचे अध्यक्ष शेख फहद प्रेक्षागृहातून खाली उतरले, मैदानात आले आणि रेफरीने चक्क तो गोल रद्द केला! सामना तरी ४-१ ने हरलेच. हेच शेख फहद त्याच वर्षी दिल्लीत स्थापन झालेल्या आशियाई ऑलिंपिक परिषदेचे पहिले अध्यक्ष. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा राजवाड्यापाशी ते मारले गेले.

दिल्लीचा विषय निघालाच आहे तर १९८२ च्या आशियाई खेळांतला फुटबॉल बघा. सुवर्ण इराक, रौप्य कुवेत, कांस्य सौदी अरेबिया. तिन्ही पदकं अरबांकडे, तीही आपल्या घरात. आपल्याला उपांत्यपूर्व फेरीत सौदीने १-० ने घरी पाठवलं. सौदीचा प्रशिक्षक कोण? पुन्हा झागालो. वीस वर्षांपूर्वी, १९६२ ला जकार्तात, सुवर्णपदक आपलं होतं. तेव्हा या देशांचं फुटबॉलमध्ये नावसुद्धा कुणी घेत नव्हतं.

इथे एक सोपा निष्कर्ष काढता येतो : पैसा होता, मोठे प्रशिक्षक आणले, पुढे गेले. मला तो पटत नाही. कारण अरबांनी प्रशिक्षकांना जसं वागवलं ते बघितलं की कळतं, यश काही त्यांच्या जोरावर उभं नव्हतं. झागालोने १९८९ मध्ये अमिरातीला विश्वचषकासाठी पात्र करून दिलं आणि स्पर्धेआधीच त्याच्या हातात नारळ दिला. पररेराला सौदीने १९९८ च्या विश्वचषकात दोन सामने हरल्यावर, स्पर्धा चालू असताना काढलं. चार वर्षांपूर्वी याच माणसाने ब्राझीलला विश्वविजेता केलं होतं, तरी. इंग्लंडचा डॉन रेव्ही १९७७ मध्ये राष्ट्रीय संघाची नोकरी सोडून अमिरातीत गेला, त्यावरून इंग्लंडमध्ये केवढा गहजब! अमिरातीतही तो काही फार टिकला नाही.

प्रशिक्षक येत होते, जात होते. टिकले ते क्लब. कुवेतचे अल-अरबी, अल-कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग क्लब हे तिन्ही १९६० चे. आजही आहेत. मैदान आहे, लहान वयोगटांचे संघ आहेत, वस्तीतल्या पोराला संध्याकाळी कुठे जायचं ते माहीत आहे.

आणि जिथे क्लब टिकला आणि प्रशिक्षकही टिकू दिला, तिथे काय होतं? त्यासाठी कैरोला जावं लागेल. नांदोर हिदेगकुटी, हंगेरीचा. १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने लोळवलं, त्यातले तीन गोल याचे. हा माणूस १९७३ मध्ये इजिप्तच्या अल-अहलीकडे आला. काळ वाईट. १९६७ च्या युद्धापासून लीग कधी बंद, कधी अर्धवट, आणि तो आला त्याच वर्षी पुन्हा युद्ध. अल-अहली १९०७ चा क्लब, पण हाताशी अनुभवी खेळाडू थोडे. हिदेगकुटीने कोवळी पोरं घेतली. त्या पिढीला तिकडे ‘तलामझा’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थी. सात वर्षं तो तिथे राहिला आणि पाच वेळा लीग जिंकली. त्या विद्यार्थ्यांपैकी महमूद अल-खतीब पुढे आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१७ मध्ये त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. एका परक्या माणसाने लावलेलं रोप कुठवर गेलं बघा.

आता खालिदकडे येतो.

त्याचे आईवडील पंजाबी, कामासाठी कुवेतमध्ये. पोरगा अशा शहरात वाढला जिथे फुटबॉलचा विश्वचषक ही गल्लीतली गोष्ट होती. त्याचा आदर्श मिशेल प्लातिनी. मघाच्या त्या फ्रान्स-कुवेत सामन्यात प्लातिनीनेही गोल केला होता, आणि गंमत म्हणजे १९८८ मध्ये निवृत्तीनंतर तो एक मैत्रीपूर्ण सामना कुवेतकडूनच खेळला. मग १९९० आलं. तेव्हा कुवेतमध्ये दीड लाखाच्या वर भारतीय होते. एअर इंडियाची विमानं अम्मानहून मुंबईला आठवडेच्या आठवडे माणसं आणत होती. आखाती युद्धाच्या उलथापालथीनंतर जमील कुटुंबही भारतात आलं आणि खालिद मुंबईचा झाला.

मुंबईत तो महिंद्रा युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, भारताकडूनही खेळला. दुखापतींनी बेजार होता. शेवटी मुंबई एफसी. २००९ मध्ये बूट काढले आणि त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. वय बत्तीस.

मुंबई एफसी कुणाला आठवतंय का? नसेलच. पैसा कमी, मोठी नावं नाहीत, कधी कूपरेजवर तर कधी पुण्यात बालेवाडीला सामने, प्रेक्षक थोडके. फुटबॉल बघायला देखणा नव्हता, हे मी त्याचा चाहता असूनही सांगतो : आधी बचाव, मग लांब चेंडू, मग नशीब. पण दरवर्षी हा संघ खालच्या श्रेणीत जायचं टाळायचा. एक नाही, दोन नाही, सात हंगाम. हिदेगकुटीचीही सातच वर्षं होती. फरक एवढाच की मुंबईत ‘पुढची पिढी’ घडवायला हाताशी काही नव्हतं. या हंगामात वाचलो, पुढचं पुढे बघू, एवढीच झेप.

२०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं. तो मिझोरमच्या ऐझॉलकडे गेला. ऐझॉल नुकताच आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्यांना परत घेतलं, अशी अवस्था. मुंबईतून काढल्यासारखी माणसं त्याने सोबत नेली. त्यांत आपला जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना. युद्धाने देश उद्ध्वस्त झालेला हा अरब खेळाडू त्या डोंगरातल्या संघाचा मेंदू होता. अरबी मुलखात वाढलेला प्रशिक्षक, अरब खेळाडू आणि मिझो पोरं! २२ एप्रिल २०१७ ला त्यांनी मोहन बागानला १-० ने हरवलं, ३० एप्रिलला शिलाँगमध्ये पिछाडीवरून १-१ बरोबरी केली आणि एका गुणाने लीग जिंकली. ईशान्येतल्या कोणत्याही क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिला, खाली गेला आणि क्लबच बंद झाला.

हे वाक्य हलकं घेऊ नका. खालिद ज्या तीन क्लबांकडून मुंबईत खेळला त्यांची यादी करा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगमधून खाली, मग संपल्यातच जमा. मुंबई एफसी २०१७. पलीकडे पुणे एफसीही गेला. अरबांनी प्रशिक्षक बदलले आणि क्लब जपले. आपल्याकडे प्रशिक्षक सात वर्षं एका जागी पाय रोवून उभा राहिला आणि त्याच्या पायाखालची जमीनच कुणीतरी गुंडाळून नेली.

हे फक्त मुंबईचं दुखणं नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत चांगला फुटबॉल चालायचा. एक सर होते, स्वतःच्या पगारातून जाळ्या आणायचे, पावसाळ्यात चिखलात पोरांना पळवायचे. जिल्ह्यापर्यंत संघ गेला. मीही त्यात बॅकला होतो, फार दिवे लावले नाहीत. सरांची बदली झाली, पुढच्या वर्षी संघ नाही. गोलपोस्टचे पाइप कुठे गेले ते विचारू नका. सर म्हणजेच संघ होते, ते गेले की मागे काहीच उरलं नाही. ज्यांनी ज्यांनी गावात कबड्डी, खो-खो सोडून दुसरा खेळ चालवून बघितलाय त्यांना हे नवं नाही.

बरं, अरबांचं सगळं छान चाललंय असंही नाही. कुवेतचा संघ १९९० नंतर पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. सरकारने खेळाच्या कारभारात हात घातला म्हणून फिफाने २०१५ ते २०१७ त्यांना बाहेर ठेवलं. ४ जुलै २०२३ ला सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण त्यांना बंगळुरूत पेनल्टीवर हरवलं. तेव्हा नुसते क्लब असून भागतं असंही मी म्हणत नाही. पण कुवेत पडलं तरी त्याला परत उठायला जागा शिल्लक आहे.

खालिदचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशीच, असा शिरस्ता होता. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी जबाबदारी मिळाली तेव्हा त्याने संघ उपांत्य फेरीत नेला आणि मग तो कायम झाला. पुढे जमशेदपूर. २०२५ मध्ये देशाचा संघ मिळाला तोही कसा? आयएसएलचा पुढचा हंगाम जुलैमध्ये बेमुदत लांबणीवर पडलेला, अनेक खेळाडूंना क्लबचा सराव नाही.

अशा अवस्थेत हा संघ ताजिकिस्तानला गेला, यजमानांना २-१ ने हरवलं आणि ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानसमोर उभा राहिला. ओमानच्या बाकावर कार्लोस कैरोश, म्हणजे एकेकाळचा रेआल माद्रिद आणि पोर्तुगालचा प्रशिक्षक. अरबांची जुनी सवय, मोठं नाव आणायचं. १-१, मग पेनल्टी, आपण ३-२ ने जिंकलो. कुवेतमध्ये वाढलेल्या पोराने अरब संघाला हरवलं म्हणून मी त्या रात्री एकटाच टाळ्या वाजवल्या. घरचे झोपले होते.

महिन्याभरात उतरलंही. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया कपचा दरवाजा बंद झाला. तो आशिया कप सौदी अरेबियात आहे. लगेच सोशल मीडियावर ‘देशी प्रशिक्षक नको, परदेशी आणा’ सुरू झालं. आणलेच होते की! इगोर श्टिमाच हा क्रोएशियाचा माजी बचावपटू कतारच्या लीगमध्ये काम करून आपल्याकडे आला, पाच वर्षं राहिला. आपला संघ उभा राहिला का?

शेवटी मुंबईची ताजी हकीकत. मुंबईत आज एकच मोठा क्लब, मुंबई सिटी. २०१९ मध्ये त्याचा मोठा हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला, ज्यांच्यामागे अबुधाबीचा पैसा आहे. अरबांचा पैसा आपल्या दारात आला, क्लबने दोनदा लीगचा किताबही जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, स्टेडियम भरलं, तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी राज्याची ‘महादेवा’ योजना त्याच्या साक्षीने सुरू झाली, फोटो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस फिरत होते. त्याच महिन्यात सिटी ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, हे त्यांनी दिलेलं कारण. ही बातमी मात्र आमच्या ग्रुपवर कुणी टाकली नाही.